आधी पेन तपासा, मग पाणी



पाण्याची पारख करायला आपल्या घरातल्या दादी-नानींना कधी यंत्र लागले नाही. तुरीची डाळ वेळेत शिजली तर पाणी हलके, तासभर उकळूनही दाणा तसाच राहिला तर जड. साबणाला फेस आला तर गोडे, नाही आला तर मचूळ. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालली. आता तिच्या शेजारी खिशात मावणारा एक पेन येऊन बसला आहे. टोपी काढायची, पाण्यात बुडवायचा, बटण दाबायचे आणि आकडा वाचायचा. लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर, वालचंदनगर, कुठेही जा, "तुमच्या बोअरचा टीडीएस किती?" हा प्रश्न आता ओसरीवरच्या गप्पांतही ऐकू येतो.

प्रश्न चांगलाच आहे. अडचण एवढीच की उत्तर देणाऱ्या पेनालाच कुणी तपासत नाही. त्याच्या एका आकड्यावर घरात हजारो रुपयांचा आरओ येतो. एखाद्या मशिदीच्या बोअरचे पाणी वुजूपुरतेच ठेवा, पिऊ नका, असे ठरते. बाळाच्या वरच्या दुधात कोणते पाणी घालायचे आणि उसाला कोणत्या विहिरीचे पाणी द्यायचे, हेही त्यावरच ठरते. साक्षीवर एवढे निर्णय होत असतील, तर साक्षीदार कसा आहे हे आधी पाहायला नको का? म्हणून या महिन्यात हा पेन काय मोजतो, तो जपायचा कसा, तपासायचा कसा आणि कोणत्या बाबतीत त्याचे ऐकायचे नाही, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आपल्या पाण्यात क्षार कुठून आले

आपला भाग नीरा डाव्या कालव्याखालचा. 1880 च्या दशकात हा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानांचे रूप हळूहळू बदलले. जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे ऊस उभा राहिला. पण आपली काळी, खोल जमीन पाणी लवकर खाली सोडत नाही. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे मुरत गेले, जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढली आणि त्याबरोबर मातीतले क्षारही वर आले. उन्हाने पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. उन्हाळ्यात बांधाच्या कडेला मातीवर जी पांढरी साय दिसते ती हीच. अशा जमिनीला आपण क्षारपड किंवा खारवट म्हणतो.

हे दुखणे नवे नाही. सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 मध्येच एक खास विभाग उघडला होता. पुढे त्याचेच खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाले. नीरेच्या खोऱ्यात पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. बारामतीजवळ माळेगावला 2009 मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली. पाण्याची टंचाई, क्षार आणि उष्णता यांचा पिकांना होणारा त्रास हाच तिच्या अभ्यासाचा विषय.

जे क्षार रानात दिसतात तेच आपल्या विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतात. म्हणून आपल्याकडे पाणी मोजणे ही हौस नाही, गरज आहे. आणि गरजेची गोष्ट नीटच करावी लागते.

पेन खरोखर काय मोजतो

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण. ते खरे काढायचे तर प्रयोगशाळेत गाळलेले पाणी आटवतात आणि तळाशी उरलेला पदार्थ वजन करून पाहतात. खिशातला पेन यातले काहीच करत नाही. त्याच्या टोकाला धातूच्या दोन काड्या असतात. त्यांच्यामधून पाण्यात बारीकशी वीज जाते आणि ती किती सहज गेली हे पेन पाहतो. पाण्यात क्षार जास्त तर वीज सहज जाते. यालाच विद्युत वाहकता किंवा ईसी म्हणतात. तिच्यावरून पेन एका ठरावीक आकड्याने गुणाकार करून टीडीएसचा अंदाज दाखवतो.

मुलांना हे समजावायला घरातच एक प्रयोग करता येतो. आरओच्या पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात चमचाभर साखर विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर मीठ. साखरेच्या ग्लासात पेनाचा आकडा जवळजवळ हलत नाही, मिठाच्या ग्लासात एकदम उडी मारतो. दोन्ही ग्लासांत काहीतरी विरघळले आहे, साखर तर मिठापेक्षा किती तरी जास्त. पण साखर वीज वाहून नेत नाही, म्हणून पेनाला ती दिसत नाही. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हा प्रयोग लक्षात ठेवायला सोपा आहे. पेनाला फक्त क्षार दिसतात, बाकी काही दिसत नाही.

आता गुणाकाराची गंमत पाहा. काही पेन वाहकतेला 0.5 ने गुणतात, काही 0.7 ने. एखाद्या विहिरीच्या पाण्याची वाहकता 1000 मायक्रोसीमेन्स असेल तर पहिला पेन 500 दाखवील, दुसरा 700. दोन्ही पेन चांगले, दोन्ही नवे, तरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येते. म्हणजे आमच्या उदाहरणात एका पेनाने पाणी पास केले आणि दुसऱ्याने नापास, पाणी मात्र एकच. ज्या पेनावर वाहकता दाखवण्याचे बटण असते तो घ्यावा आणि आकडा मायक्रोसीमेन्समध्ये लिहावा, हे उत्तम. तिथे गुणाकाराचा घोळच उरत नाही.

पैमान्याची जाँच

आम्ही भाषा शिकवणारे. उर्दूतल्या 'पैमाना' या शब्दाचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते. त्याचा अर्थ माप असाही होतो आणि प्याला असाही. ज्याने मोजायचे तेच ज्यातून प्यायचे. आणि मराठीने तर दोन शब्दांतच बजावून ठेवले आहे, मापात पाप नको. कुरआन शरीफमध्ये मापात कमी देणाऱ्यांवरून नाव पडलेली एक सूरहच आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. किराणा दुकानातला तराजू ठरावीक मुदतीने वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. पाण्याच्या पेनाला असा शिक्का कुणी मारत नाही. तो आपणच मारायचा. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, शुद्ध मराठीत अंशशोधन.

पद्धत तराजूसारखीच आहे. तराजू तपासताना ज्याचे वजन पक्के ठाऊक आहे असे माप पारड्यात ठेवतात. पेन तपासताना ज्याची वाहकता पक्की ठाऊक आहे अशा द्रावणात तो बुडवायचा. याला प्रमाण द्रावण किंवा कॅलिब्रेशन सोल्यूशन म्हणतात. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात त्याच्या छोट्या बाटल्या मिळतात. साध्या टीडीएस पेनांसाठी 342 पीपीएमचे मिठाचे द्रावण बरेच वापरतात. वाहकता दाखवणाऱ्या मीटरसाठी 25 अंश सेल्सिअसला 1413 मायक्रोसीमेन्सचे द्रावण घेतात. आपले पाणी ज्या आकड्याच्या आसपास असते त्याच्या जवळचे द्रावण घ्यावे. बाटलीवरचा आकडा कोणत्या हिशेबाने दिला आहे तो पेनाच्या माहितीपत्रकाशी जुळवूनही पाहावा.

हे 1413 चे द्रावण म्हणजे लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात 0.7455 ग्रॅम शुद्ध, कोरडे पोटॅशियम क्लोराईड. हे वाचून कुणाला वाटेल की आपल्या शेडमध्ये म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी आहेच, तेही पोटॅशियम क्लोराईडच. खरे आहे, पण खतात इतर पदार्थ मिसळलेले असतात, म्हणून ते मापासाठी चालत नाही. स्वयंपाकाच्या मिठाचेही तेच. त्यात आयोडीन असते, गोळे होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ असतो, शिवाय पावसाळ्यात दमटपणा. आणि घरच्या वजनकाट्यावर ग्रॅमचा शंभरावा भागही मोजता येत नाही, मग दहाहजारावा कुठून मोजणार? बाटली विकतच घ्यावी.

आता तपासणी क्रमाने:

1. पेनाचे टोक ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुवा आणि पाणी झटकून टाका. गाडीच्या बॅटरीत घालायचे पाणी मिळते ते यासाठी चालते.

2. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे छोटे माप स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या. त्यात प्रमाण द्रावण थोडे ओता. पेन थेट बाटलीत कधीही बुडवू नका.

3. पेनावर खूण असते तिथपर्यंतच बुडवा. हलकेच ढवळा, म्हणजे काड्यांमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे निघतील. बुडबुडा राहिला तर आकडा खोटा कमी येतो.

4. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. साधारण अर्धा मिनिट, पेन आणि द्रावण वेगवेगळ्या तापमानाचे असतील तर जास्त.

5. बाटलीवरचा आकडा आणि पेनावरचा आकडा जुळला नाही तर पेनाच्या मागचा छोटा स्क्रू फिरवून किंवा कॅलचे बटण दाबून जुळवा. मग पुन्हा धुऊन, ताज्या द्रावणात पुन्हा पाहा.

6. वापरलेले द्रावण फेकून द्या. काटकसर म्हणून ते बाटलीत परत ओतले तर सगळी बाटली बिघडते.

काही स्वस्त पेनांना स्क्रूही नसतो आणि बटणही. ते टाकून द्यायची गरज नाही, चौथी-पाचवीचे गणित पुरते. समजा 342 च्या द्रावणात पेन 380 दाखवतो. 342 भागिले 380 म्हणजे 0.9. या पेनाच्या प्रत्येक आकड्याला 0.9 ने गुणायचे. आता विहिरीच्या पाण्यात त्याने 540 दाखवले, तर खरा आकडा 486. पाहा, न तपासलेल्या पेनाने विहीर 500 च्या पलीकडे टाकली होती, तपासणीने ती अलीकडे आणली. एका घराचा आरओचा खर्च या एका गुणाकारात वाचू शकतो. 0.9 हा आकडा आणि तपासणीची तारीख चिकटपट्टीवर लिहून पेनाला लावून ठेवावी.

"बॅटरीच्या पाण्यात शून्य येते, म्हणजे पेन बरोबरच असणार" असे पुष्कळ जण म्हणतात. रिकाम्या पारड्याला शून्य दाखवणारा काटाही किलोमागे पन्नास ग्रॅम मारू शकतो. शून्य बरोबर असावेच लागते, पण तेवढ्यावर भागत नाही.

तपासणी किती दिवसांनी? घरच्या वापरात महिन्यातून एकदा पुरे. पेन पडला, सेल बदलला, फार खाऱ्या पाण्यात बुडवला किंवा आकडा नेहमीपेक्षा एकदम वेगळा आला, तर लगेच.

पेनाची जपणूक

प्रत्येक वापरानंतर टोक ऊर्ध्वपातित पाण्याने किंवा आरओच्या पाण्याने धुवा, झटका, वाळू द्या, मग टोपी लावा. ओल्या टोकावर टोपी लावून ठेवली तर क्षार काड्यांवरच सुकतात आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. काड्यांवर पांढरा थर दिसला तर टोक काही मिनिटे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग भरपूर धुवा. घासणी, राख, चाकूचे टोक यांपैकी काही लावू नका. काड्यांचा आकार आणि त्यांच्यातले अंतर यांवरच सगळे माप उभे आहे. बोटांनीही त्या शक्यतो शिवू नयेत, हाताचा घाम म्हणजेही मीठच.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी एक अंशाने तापले की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. उन्हात तापलेल्या टाकीचे 40 अंशांचे पाणी आणि 25 अंशांचे पाणी यांत 15 अंशांचा फरक, म्हणजे आकड्यात जवळपास 30 टक्क्यांचा. सकाळी 500 दाखवणारे पाणी दुपारी 650 दाखवील, आणि कुणीतरी म्हणेल की बोअर बिघडली. चांगल्या पेनात तापमानाची दुरुस्ती आपोआप होते. पाकिटावर एटीसी असे लिहिलेले असेल तर ती सोय आहे. तरीही पाणी ग्लासात काढून सावलीत थोडा वेळ ठेवावे आणि मग मोजावे.

पेन मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका. उन्हाने पडदा काळा पडतो आणि सेल गळतो. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आकडा फिकट दिसू लागला की सेल बदलायची वेळ झाली असे समजा, कारण उतरलेल्या सेलावर आकडाही भरवशाचा राहत नाही.

पीएच मीटरचे लाड वेगळे

काही घरांत, विशेषतः ठिबकमधून खते सोडणाऱ्यांकडे, पीएच मोजणारा पेनही असतो. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे तो सांगतो. पिण्याच्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 च्या दरम्यान असावा असे मानक सांगते. दिसायला दोन्ही पेन भाऊ-भाऊ, पण जपणूक उलटी. टीडीएसचा पेन कोरडा ठेवायचा, पीएचचा ओला. पीएच पेनाच्या टोकाला काचेचा नाजूक फुगा असतो. तो कधी सुकू द्यायचा नाही. टोपीत पोटॅशियम क्लोराईडच्या साठवण द्रावणाचे थेंब घालून ठेवायचा. ऊर्ध्वपातित पाण्यात मात्र ठेवायचा नाही, त्याने फुगा खराब होतो. त्या पाण्याने धुणे ठीक, त्यात भिजत ठेवणे नाही. पुसतानाही कापड घासू नये, मऊ कागदाने टिपून घ्यावे.

त्याच्या तपासणीला बफर कॅप्सूल मिळतात, पीएच 4, 7 आणि 9.2 च्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाने ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायच्या. आधी 7 वर जुळवायचे, मग दुसऱ्या टोकाला. आपल्या भागाचे पाणी बहुधा अल्कधर्मी बाजूला असते, म्हणून दुसरे टोक 9.2 घ्यावे. हे द्रावण उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून बिघडते, तेव्हा ताजेच करावे. हे टोक वर्ष-दोन वर्षांत म्हातारे होते. द्रावण ताजे असूनही आकडा जुळेनासा झाला, किंवा स्थिर व्हायला फार वेळ लागू लागला, तर ते बदलावे.

पेनाला जे दिसत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. तपासलेला, जपलेला, अगदी खरा पेनसुद्धा पाणी शुद्ध आहे असे सांगू शकत नाही. त्याला जंतू दिसत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीत पाणी येते, क्षार पातळ होतात आणि टीडीएस उतरतो. घरात आनंद होतो, पाणी गोडे झाले! पण त्याच पावसाच्या पाण्याबरोबर उकिरड्याची आणि गटाराची घाणही विहिरीत उतरलेली असू शकते. आकडा चांगला आणि जुलाब-कावीळ दारात, असे याच दिवसांत घडते. जारच्या पाण्याचेही तसेच. टीडीएस 50 आला म्हणजे क्षार कमी एवढेच खरे. जार आतून धुतला होता का, याचे उत्तर पेनाकडे नाही.

त्याला नायट्रेटही वेगळे दिसत नाही. उसाच्या पट्ट्यात युरिया भरपूर पडतो आणि त्यातला काही भाग नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या पुढे नको, आणि या मर्यादेत सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी मिळाले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू लागते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. ज्या घरात असे तान्हे बाळ आहे आणि पाणी शेतातल्या विहिरीचे आहे, तिथे पेनावर थांबू नका, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. एवढी एकच गोष्ट या लेखातून कुणी लक्षात ठेवली तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले.

दारावर येणाऱ्या काही विक्रेत्यांच्या जादूबद्दलही सांगून ठेवतो. ते दोन ग्लास मांडतात, एकात तुमचे पाणी, दुसऱ्यात आरओचे. त्यांत विजेच्या सळया सोडतात. क्षणात तुमचे पाणी गढूळ, तपकिरी होते, आरओचे तसेच नितळ राहते. घरातली मंडळी घाबरतात. खरे म्हणजे तो रंग तुमच्या पाण्यातला नसतो, सळईच्या लोखंडाचा असतो. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजते. आरओच्या पाण्यातून वीजच जात नाही. त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तसाच रंगेल. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये, जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घालावी असे निर्देश दिले होते. आरओमध्ये पुष्कळ पाणी वाया जाते. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्यांत याचा विचार करायलाच हवा. ज्यांचे पाणी खरोखर खारे आहे त्यांनी आरओ जरूर घ्यावा, पण तपासलेल्या आकड्यावर घ्यावा, घाबरून नाही.

जंतूंसाठी आपल्याकडे सोपी साधने आहेत. गावचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, मग ओटीचे थेंब टाकून पाण्याला पिवळी छटा येते का ते पाहतो. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा त्यामागचा हिशेब. एच-टू-एसची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून ऊबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे, ते काळे पडले तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय धरायचा. ही पद्धत भारतीय संशोधकांनी 1982 मध्ये मांडली. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुली-सुना त्या पाचांत आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसतील तर नाव द्या. पक्क्या तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या तपासणीचे पाणी त्यांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच भरावे, थंड ठेवावे आणि लवकरात लवकर, 24 तासांच्या आत पोचवावे.

एक बाटली, एक वही

शेवटी खर्चाचा आणि सवयीचा प्रश्न. प्रमाण द्रावणाची बाटली एका घराला महाग वाटेल, आणि उघडल्यावर ती फार महिने टिकतही नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक घ्यावी. महिन्याचा एक दिवस ठरवावा, समजा पहिला रविवार. त्या दिवशी सगळ्यांनी आपापले पेन घेऊन एकत्र यावे, तपासावे, आणि लगेच आपापल्या विहिरी-बोअर मोजाव्यात. मशिदीच्या बोअरचीही नोंद त्याच दिवशी व्हावी, म्हणजे तिच्याबद्दल ऐकीव गोष्टी पसरणार नाहीत. काम मुलांवर सोपवा. सातवी-आठवीच्या मुलामुलींना हे सहज जमते, आणि विज्ञानाचे पुस्तक हातात आल्यासारखे होते.

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, वेळ, कोणते पाणी, पेनाचा आकडा, पेन शेवटचा कधी तपासला. पाचवा रकाना विसरू नका, कारण तपासणीची तारीख नसलेला आकडा म्हणजे नाव-गाव नसलेले पत्र. वर्षभर वही चालली की आपल्या विहिरीचा स्वभाव दिसू लागतो. आवर्तन आले की आकडा किती उतरतो, मे महिन्यात किती चढतो, पावसानंतर काय होते. शेतकऱ्यालाही तिचा उपयोग आहे. सिंचनाच्या पाण्याची वाहकता 2250 मायक्रोसीमेन्सच्या पुढे गेली तर ते फार खारे धरतात, आणि ऊस हे काही मीठ फार सोसणारे पीक नाही. एका दिवसाच्या आकड्याने विहीर सोडू नये, पण वहीत चार-सहा महिने आकडा चढताच दिसला, तर पाटाचे पाणी मिसळून देणे, निचऱ्याचा चर काढणे आणि कृषी सहायकाला वही दाखवणे, हे वेळेवर करता येते.

पाणी ही अल्लाहची नेअमत आहे, त्याचा हिशेब आपल्याकडे आहे. हिशेबाचे माप खरे असावे, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. या महिन्यात घरातला पेन शोधा, टोपी उघडून काड्या पाहा, सेल पाहा, आणि शेजारच्या चार घरांना विचारा की बाटली कोण आणणार. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.